वाचकांचे प्रश्न : बैठकीत बोलायचे कोणी?

प्रश्न : आमच्या बचत गटातील आम्ही चौघीजणी गावातील गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी यांची दरमहा बैठक घेतो. आशाताई माहिती देतात, बायका माना डोलावतात. घरी गेल्यावर मात्र बाळाला मध चाटवणे आणि पहिल्याच दिवशी अंघोळ घालणे चालूच राहते. अशा बैठकांचा खरोखर उपयोग होतो का?
— एक वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : होतो, परंतु आपल्या पत्रावरून दिसते की बैठकीत बोलतात आशाताई आणि बायका केवळ ऐकतात. अडचण तेथेच असावी. झारखंड व ओडिशातील तीन जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात स्त्रियांचे गट चालवले, तेव्हा गट घेणारी स्थानिक स्त्री व्याख्यान देत नसे; चित्रे, गोष्टी आणि खेळ यांच्या आधारे बायकाच आपल्या वस्तीत कोणाचे बाळ का दगावले हे सांगत, त्यांतून अडचणी निवडत आणि उपायही स्वतःच ठरवून अमलात आणत. गट नसलेल्या भागांच्या तुलनेत तेथील नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी आढळले.

अर्थात गट काढला म्हणजे झाले, असे नाही. बांगलादेशात सुमारे १४०० लोकवस्तीमागे एक गट होता तेव्हा फरक दिसला नाही. पुढे सुमारे ३०० लोकांमागे एक गट केल्यावर नवजात मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. म्हणून गावातील गरोदर स्त्रियांपैकी किती जणी प्रत्यक्ष येतात, हे आधी मोजावे. येणाऱ्या सगळ्या गटाच्याच सभासद आणि पहिलटकरीण मात्र घरी, असे आपल्याकडेही होत असेल.

मध चाटवण्याचा निर्णय बहुधा त्या कोवळ्या आईचा नसतो, तो सासूबाईंचा किंवा आजीचा असतो. त्यांनाच बोलवावे. मधामुळे चिकाचे दूध मिळण्यास उशीर होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, लवकर अंघोळ घातल्यास बाळ गार पडते, हे ज्या आजीने नातवंडाच्या वेळी अनुभवले असेल तिच्या तोंडून आले, तर आपल्या दहा सूचनांपेक्षा ते अधिक पटेल. दुसरी गोष्ट माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने सात महिने आपल्या बैठकीला आलेली मुलगी ऐन वेळी दुसऱ्या गावी असते. तेव्हा तिच्या माहेरच्या आशाताईंचा फोन क्रमांक आधीच घेऊन ठेवावा आणि बाळंतपणासाठी आपल्या गावी माहेरी येणाऱ्या लेकींनाही गटात सामावून घ्यावे.

मात्र बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला गार लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा बाळंतिणीला अतिरक्तस्राव, ताप वा झटके आले, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रात्री तिच्यासोबत कोण जाईल आणि घरातील थोरले मूल कोण सांभाळील, एवढे मात्र गटाने आजच ठरवून ठेवावे.