लिनक्सवर संगीत संयोजन करायला स्वस्तात कोणतं साउंड कार्ड घ्यावं?

लॅपटॉपवर उबंटू आहे, भावगीतांचं संयोजन करायचंय, हाताशी दहा हजार आहेत आणि दुकानदार म्हणतो, ‘लिनक्सवर साउंड कार्ड चालत नाही, आधी विंडोज टाका.’ हे साफ चूक आहे. ऑर्केस्ट्रातली मंडळीही हेच ठोकून देतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. या एका वाक्यापायी होतकरू पोरं ऐपत नसताना हप्त्यावर महागडी मशीन घेतात.

यूएसबीवर चालणारं जे कार्ड ‘क्लास कम्प्लायंट’, म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या मानकाप्रमाणे चालणारं असतं, त्याला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलमधलाच, अल्सा या ध्वनी-यंत्रणेचा ड्रायव्हर ते उचलतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय चालतं असं लिहिलेलं कार्ड बिनधास्त घ्यावं. गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, कमीजास्त करायला ज्याला कंपनीचंच विंडोज सॉफ्टवेअर लागतं, ते फुकट मिळालं तरी नको.

पण संयोजनासाठी मुळात कार्ड लागतं का? तुम्ही म्यूझस्कोर (स्वरलिपीचं) किंवा आर्डर (रेकॉर्डिंगचं) या सॉफ्टवेअरमध्ये मिडीवर, म्हणजे आवाजाऐवजी सुरांच्या सूचना नोंदवून, व्हायोलिन, बासरी, बेस रचणार असाल तर आवाज आत घ्यायचाच नाहीये. लॅपटॉपचं अंगचं कार्ड आणि वायरचा बरा हेडफोन पुरतो. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका, सूर उशिरा कानावर येतो आणि लय बिघडते. वाचलेले पैसे रॅम आणि की-बोर्डवर घाला. घरातल्या कॅसिओला यूएसबीचं तोंड असेल तर तोच बहुधा मिडी की-बोर्ड म्हणून चालेल. जुन्या सिंथला पाच पिनांचं गोल मिडी असेल तर केबल घ्यावी लागते. तिथे मात्र सगळ्यात स्वस्त बिननावाची केबल घेऊ नका. त्यातल्या अनेकांत ऑप्टोकप्लर (दोन उपकरणांची वीज वेगळी ठेवणारा भाग) नसतो आणि लांब संदेश अर्धवट पोचतात. रोलंडची यूएम-वन घ्या, तिचा स्विच ‘टॅब’कडे ठेवा, म्हणजे वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

गळा किंवा पेटी रेकॉर्ड करायची असेल तरच इंटरफेस, म्हणजे बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. बेहरिंगर यूएमसी२२ स्वस्त आहे, पण ते १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर थांबतं आणि माइकचा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) एकच. माझं मत यूएमसी२०२एचडीला: २४ बिट, माइकचे दोन प्रीअँप, कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्ट फँटम वीज, वीज यूएसबीवरूनच. २४ बिटमुळे रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवता येते आणि गायक अचानक चढला तरी आवाज फाटत नाही.

आता आवाजात मध्येच येणारी कडकड. ‘लिनक्सवर चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी ऐकलेली असते ती हीच, आणि तिचा दोष दर वेळी कार्डावर येतो. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (pw-top) चालवा आणि ईआरआर (ERR, म्हणजे चुकांचा) रकाना बघा. कडकडीबरोबर तो आकडा वाढत असेल तर संगणक वेळेत आवाज पुरवत नाहीये. आकडा स्थिर असूनही आवाज फाटत असेल तर गेन जास्त आहे किंवा केबल सैल आहे. आकडा वाढत असेल तर आधी एलएसयूएसबी डॅश टी (lsusb -t) देऊन कार्ड कुठल्या हबवर आहे ते पाहा. वेबकॅम किंवा बाहेरची डिस्क त्याच हबवर असेल तर कार्ड दुसऱ्या पोर्टला लावा. मग प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर न्या. तरीही थांबलं नाही तर पीडब्ल्यू-मेटाडेटाने (pw-metadata) क्लॉक-फोर्स-क्वांटम (clock.force-quantum), म्हणजे एका दमात हाताळायच्या सॅम्पलची संख्या, १२८ सारखी कमी असेल तर २५६ करा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३. यूएसबीचा वेळ यात धरलेला नाही, तरी २५६ वर की-बोर्ड आरामात वाजवता येतो. मिक्सिंग करताना १०२४ ठेवा, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही.

हे सगळं पाइपवायर ही नवी ध्वनी-यंत्रणा असलेल्या उबंटूसाठी, म्हणजे २२.१० पासून पुढे. पूर्वी जॅक हा ध्वनी-सर्व्हर वेगळा चालवावा लागे, आवाजाचं काम वेळच्या वेळी उरकणारा रिअल-टाइम कर्नलही पॅच लावून वेगळा घ्यावा लागे. २०२४ मध्ये आलेल्या कर्नल ६.१२ पासून तो पॅच मूळ कर्नलमध्येच आहे. संयोजनापुरता साधा कर्नलही भागवतो. बूट करताना ‘थ्रेडआयआरक्यूज’ (threadirqs) हा पर्याय दिला की बहुतेकांचं काम होतं.

सतत घूं आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा. घूं थांबला तर गोम अर्थिंगमध्ये आहे. तीन पिनांचा प्लग नीट अर्थ असलेल्या सॉकेटला लावा आणि स्पीकरकडे बॅलन्स्ड टीआरएस केबल (वाटेतला गोंगाट कमी करणारी तीन जोडांची केबल) टाका.

जुना डेस्कटॉप असून त्यात पीसीआय स्लॉट असेल तर एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ जुन्या बाजारात शोधा. अल्साने हे कार्ड वर्षानुवर्षं उत्तम सांभाळलंय.

फोकसराइटचं तिसऱ्या पिढीचं स्कार्लेट सोलो किंवा २आय२ स्वस्तात मिळालं तर तेही घ्या. फक्त नवं असताना ते पेन ड्राइव्हसारखी डिस्क दाखवतं आणि काही सोयी बंद राहतात. ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून सुरू केलं की ते सुटतं.

तबला आणि गळा एकाच वेळी, प्रत्येकाला वेगळे माइक लावून घ्यायचे असतील तर दोन इनपुट पुरणार नाहीत आणि मग दहा हजारांत नवं कार्ड बसवणं कठीण. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाताना लॅपटॉप सोबत न्या. कार्ड तिथेच लावा, एरेकॉर्ड डॅश एलमध्ये (arecord -l) नाव दिसतंय का बघा आणि दोन्ही इनपुटवर आवाज घेऊन मगच पैसे द्या.