नागपूरचं जीपीओ (मुख्य पोस्ट ऑफिस) व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं आहे का?

नाही, सिव्हिल लाइन्समधलं जीपीओ राणी गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी उभं राहिलं, काम 1916 ला सुरू झालं आणि 1921 ला पूर्ण झालं, आणि राणी तर 1901 मध्येच वारली होती. गोंधळ होतो कारण सगळीकडे त्याला व्हिक्टोरियन बिल्डिंग म्हणतात, पण ते स्टाइलचं नाव आहे, सालाचं नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, त्यामुळे सेक्रेटरिएट, कोर्ट, पोस्ट असं सगळं सिव्हिल लाइन्सकडेच आलं. मी कामासाठी तिथे नेहमी जातो आणि खरं सांगू तर बिल्डिंग बघायची तर मे महिन्यात दुपारी बघा, बाहेर 45 डिग्री ऊन आणि कमानीखालून आत व्हरांड्यात पाऊल टाकलं की लगेच जिवाला बरं वाटते, जाड भिंती आणि उंच छत कशासाठी केलं ते तिथे उभं राहूनच समजते. फार सुंदर वास्तू आहे, नागपूरकरांनी जपायलाच पाहिजे. हेरिटेज यादीत ती ग्रेड वन आहे, म्हणजे मनाला येईल तशी तोडफोड चालत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, 1921 हे या बिल्डिंगचं साल आहे, नागपुरात टपाल त्याच्या खूप आधीपासून चालू होतं. आणि पत्त्यात 440001 दिसला तर तो याच जीपीओचा पिन, पण पिनकोडची पद्धतच 1972 ला आली, त्यामुळे त्याआधीच्या पत्रांवर तो शोधू नका.