मुरलेलं आणि नासलेलं

प्रिय मनू,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, लिंबाचं लोणचं काळपट पडलंय, वर पांढरं काहीतरी आलंय. हे खराब झालंय की असंच असतं?" आणि मग हळूच म्हणालीस, की रूममेटने विचारलं, तुमच्याकडे नासलेलं खातात का. मी "फोटो पाठव" एवढंच बोललो. पण ते टोचत राहिलं. तिचा राग नाही, तिला खरंच माहीत नव्हतं. तुलाही काय सांगावं ते सुचलं नाही, याचं मात्र वाईट वाटलं. ते सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं.

आधी लोणचं. काळपट रंगाची काळजी करू नकोस, लिंबाची साल मुरताना गडद होतेच. फोटोत फोडींवर खडीसाखरेसारखे कण दिसतात. त्यातला एक काढून कोमट पाण्यात टाक. विरघळला तर ते मीठ. खार आटला की ते असं वर येतं. केसाळ, कापसासारखं, हिरवट किंवा राखाडी काही असेल तर तो बुरा, आणि मग अख्खी बरणी टाकून दे. ताईआजी वरचा थर काढून खालचं वाढायची, आम्ही ते खाल्लंही. तरी तुला मी तसं सांगणार नाही. बुरशीचे तंतू खालपर्यंत गेलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि बुरशी लोणच्यातलं आम्ल खाते. ज्याच्यामुळे लोणचं टिकतं तेच कमी होत जातं.

आता खरा प्रश्न. आपल्या घरात दूध नासायचं, आमटी आंबायची, भात विटायचा, पापड बुरसायचा, तेल खवट व्हायचं, फळ कुजायचं. पण लोणचं मुरायचं, पीठ फुगून यायचं, दह्याला विरजण लागायचं. हे शब्द आम्हाला कुणी शिकवले नाहीत. ताईआजी झाकण काढून वास घ्यायची आणि यातला एक शब्द उच्चारायची, त्यावर ते पानात येणार की गोठ्यात जाणार हे ठरायचं. तुझ्या रूममेटला उत्तर द्यायचं तर इथून सुरुवात कर.

दूध नासतं तेव्हा त्यात कोण वाढलं हे आपल्या हातात नसतं. विरजणात आपण ओळखीचे जीवाणू एकदम मोठ्या संख्येने सोडतो. ते दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आंबटपणात बाकीच्यांना फारसं वाढता येत नाही. लोणच्यात राखणीचं काम मीठ आणि लिंबाचा रस करतात.

दही तू करून बघच. म्हणजे, वाटलं तर. अर्धा लिटर दूध उकळी आल्यावर मंद आचेवर पाचेक मिनिटं ठेव, त्याने दही घट्ट लागतं. मग ४० ते ४३ अंशांपर्यंत निवू दे. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवून दहापर्यंत मोज, ऊब लागली पाहिजे, चटका नको. एक चहाचा चमचा दही थोड्या दुधात फेटून त्यात मिसळ आणि झाकून ठेव. आमच्याकडे उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागायचं. तुझ्या खोलीत १८ अंश असतात, तिथे रात्रभर ठेवलंस तरी सकाळी दूधच दिसेल. ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लाव आणि भांडं आठ-दहा तास आत ठेव. मध्ये हलवू नकोस. भांड्याला धक्का लागला की ताईआजी ओरडायची, ते उगाच नव्हतं. अर्धवट लागलेलं दही हललं की जाळी मोडते आणि पाणी सुटतं.

बिघडतं ते असं: दूध फार गरम असताना विरजण घातलं तर जीवाणू मरतात आणि दही लागतच नाही. लागल्यावर बाहेर राहिलं तर आंबट होतं. चमच्याला तार सुटली तर ते विरजण पुढे वापरू नकोस, दुकानातून साधं, जिवंत जीवाणू असलेलं दही आणून नवं सुरू कर. गुलाबी किंवा नारिंगी ठिपका दिसला तर चव न घेता टाकायचं.

लोणचं पुन्हा घालायचं असेल तर प्रमाण लिहून ठेव. पातळ सालीची १ किलो लिंबं, २०० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम तिखट, २ चमचे हळद, वर आणखी चार लिंबांचा रस. लिंबं धुऊन पुसून अगदी कोरडी कर, प्रत्येकाच्या आठ फोडी. काचेची बरणी, कोरडा चमचा. फोडी रसात बुडालेल्या हव्यात, वर डोकावणारी फोड आधी बुरसते. म्हणून पहिले आठ दिवस रोज बरणी हलवायची. साल मऊ व्हायला तीन-चार आठवडे लागतात. मीठ कमी करायचा मोह होतो, मलाही झाला आहे, पण कमी मिठाचं लोणचं फ्रीजमध्येच ठेवायचं.

एक गोष्ट सांगायला हवी. दादरा बांधलेल्या त्या बरण्यांना मोठी काकू चार दिवस हात लावायची नाही, लावू द्यायचेच नाहीत. लोणचं नासतं म्हणे. त्यात काहीही तथ्य नाही. नासतं ते ओल्या हाताने, मग तो कुणाचाही असो. बरणी तुझ्याकडे यावी, पण ते बंधन बरणीबरोबर येऊ नये.

आणि घरचं म्हणजे सगळं निर्धोक, असंही समजू नकोस. कच्ची लसूण तेलात घालून बाहेर ठेवू नकोस, हवा नसलेल्या तेलात बॉट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं आणि त्याला वास येत नाही. तिथे ताईआजीचं नाकही उपयोगाचं नाही. काढ्याचंही तेच. गवती चहा, आलं, चार तुळशीची पानं घशाला बरी वाटतात, जरूर घे, सर्दी मात्र आपल्या वेळेनेच जाते. ज्येष्ठमध रोज घालू नकोस, त्याने रक्तदाब वाढतो. आईच्या कपात आपण तो घालत नाही तो याचसाठी.

रूममेटला चाखायचं असेल तर पहिल्यांदाच फोड देऊ नकोस, साल कडू लागेल. दहीभातावर अर्धा चमचा खार घालून दे. तिला नको असेल तर आग्रह करू नकोस, बरणीचं झाकण घट्ट लाव म्हणजे झालं.

तो कण विरघळला का, ते कळव.

बाबा