पणजोबांची तसबीर आणि कूतचा वेढा

प्रश्न : कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी पणजोबांची सुभेदाराच्या पोशाखातली रंगीत तसबीर आहे. छातीवर तीन मेडलं आहेत. ‘कूतला (आजच्या इराकमध्ये) गेले ते आलेच नाहीत’ एवढंच सांगतात. अपशकुनी म्हणून ती माळ्यावर टाकलेली. काच आतून बुरसटली आहे, ओल्या फडक्याने पुसावी का? त्यांची माहिती कुठे मिळेल?

उत्तर : पाणी अजिबात लावू नका. अशा बहुतेक तसबिरी म्हणजे फोटोवर हाताने भरलेले रंग. ओल लागली की फोटोचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला चिकटतो. चिकटलाच असेल तर ओढू नका, पापुद्र्यासकट चेहरा निघून येईल. तो काचेसह जाणकाराकडेच द्या.

आता मेडलं. पहिल्या महायुद्धाची तिन्ही मेडलं (एक ताऱ्याच्या आकाराचं, दोन गोल) युद्ध थांबल्यावर जाहीर झाली. पणजोबा कूतला वारले असतील, तर ती चित्रकाराने मागाहून रंगवली, किंवा मेडलं आधीच्या मोहिमांची आहेत. खरी मेडलं ट्रंकेत असतील तर गोल मेडलांची कड आणि ताऱ्याची पाठ भिंगाने बघा. तिथे नाव, हुद्दा, पलटण कोरलेली असते. घासून चकाकी आणू नका, अक्षरं झिजतात.

कूतमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 7 डिसेंबर 1915 ला तुर्की फौजेचा वेढा पडला, 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 जण शरण गेले. घोड्याचं मांस बहुतेक हिंदी शिपायांनी एप्रिलपर्यंत नाकारलं, त्यात भाजीपाला नाही. स्कर्व्हीने (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने) माणसं खंगली. मग कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना रास अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. घरी धड निरोप न येण्याचं कारण बहुधा हेच. त्याचा दोष तसबिरीला देऊ नये.

महायुद्धांत वारलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. पलटणीचं 1922 पूर्वीचं नाव टाका, त्या वर्षी क्रमांक बदलले. नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा. नोंदीत बापाचं नाव, गाव आणि ‘सातारा’ बरेचदा असतं. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची मात्र फक्त संख्या. त्यामुळे सुभेदार सापडणं तुलनेने सोपं.

नवी फ्रेम करताना जुना पुठ्ठा आणि रद्दी काढा, आम्लविरहित पुठ्ठा घाला, काच व फोटोत 3-4 मिलिमीटर अंतर ठेवा. मागे काही लिहिलेलं किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर टांगू नका.