आधी कलम चार वाचा, मग कलम सात

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला 68 लाखांत रिसेल फ्लॅट घ्यायचं ठरवून आम्ही एजंटच्या ऑफिसात विसार पावती केली आणि 5 लाखांचा चेक दिला. फ्लॅट विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांचा. आईही हयात नाही. नॉमिनी म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर विक्रेत्याचं नाव चढवलं आहे. आमचे वकील म्हणाले कागद ठीक आहेत. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने मात्र विक्रेत्याच्या दोन बहिणींचं हक्कसोडपत्र मागितलं आणि फाइल अडली. एक बहीण कॅनडात आहे. आता विक्रेत्याची नोटीस आली आहे : 45 दिवस संपले, कर्ज झालं नाही, 5 लाख जप्त, पंधरा दिवसांत उत्तर द्या. बँक बदलावी का? आमच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी हक्काच्या तपासणीचा अहवाल) बँकेने का मानू नये?

उत्तर : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आता पुन्हा लिहीत बसत नाही. अशी पत्रं दर महिन्याला येतात; फ्लॅट कधी बदलापूरचा असतो, कधी वाकडचा, इतकाच फरक. तुम्ही पावतीचा फोटो जोडलात म्हणून वेगळं उत्तर देता येतंय.

दोन पानं, 500 रुपयांचा स्टँप, दुसऱ्या पानावर एजंटचा जांभळा शिक्का नेमका कलम सातवर बसलेला. तुम्ही, एजंट आणि विक्रेत्याचे वकील, तिघांनीही तेवढंच कलम धरून ठेवलंय : ‘कोणत्याही कारणास्तव कर्ज मंजूर न झाल्यास विसाराची रक्कम परत मिळणार नाही.’ कलम चार मात्र कोणी वाचलेलं दिसत नाही. ते असं आहे : ‘लिहून देणार यांनी सदर सदनिकेच्या निर्वेध व विक्रीयोग्य मालकी हक्काची सर्व कागदपत्रे दिल्यापासून 45 दिवसांचे आत लिहून घेणार यांनी उर्वरित रक्कम अदा करावयाची आहे.’ (लिहून देणार म्हणजे विक्रेता, लिहून घेणार म्हणजे तुम्ही.)

‘दिल्यापासून’ हा शब्द बघा. तुमचे 5 लाख या एका शब्दावर आहेत. विक्रेत्याच्या वकिलांनी दिवस मोजलेत पावतीच्या तारखेपासून. पावती तसं म्हणत नाही. मुदत सुरू होते कागद दिल्यावर, आणि तेही साधे कागद नव्हेत, विक्रीयोग्य हक्काचे. वडिलांनी स्वतः घेतलेला फ्लॅट, मृत्युपत्र नाही (नाही ना? तुम्ही लिहिलेलं नाही, विचारून घ्या), पत्नी आधीच गेलेली. मग हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिन्ही मुलांचा एक-एक तृतीयांश. दोन तृतीयांशाच्या मालकिणींची सही नसताना पूर्ण फ्लॅटच्या विक्रीयोग्य हक्काचे कागद दिले, असं विक्रेता म्हणूच शकत नाही. 45 दिवसांतला पहिला दिवसच अजून उजाडलेला नाही, तर शेहेचाळिसावा कुठून येणार?

शेअर सर्टिफिकेट दाखवून तो वाद घालेल. घालू दे. सहकारी संस्था कायद्यातलं कलम 154ब-13 वाचलं, तर सोसायटी नॉमिनीला घेते ती तात्पुरता सभासद म्हणून, खरे वारस ठरेपर्यंत. सोसायटीच्या सेक्रेटरीने पेनाने लिहिलेल्या नावाने बहिणींचा हिस्सा उडत नाही.

कलम सातलाही एक छिद्र आहे. तुमच्या उत्पन्नावर बँकेने सँक्शन लेटर दिलं होतं ना? त्यात ‘कायदेशीर व तांत्रिक तपासणीच्या अधीन’ असं असतं, ते खरं. तरी मंजुरी झाली होती आणि अडलं ते कर्जाचं वाटप, तेही विक्रेत्याच्या कागदांमुळे, असं म्हणायला जागा आहे. हा मुद्दा उत्तरात घाला, पण दुसऱ्या क्रमांकावर. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द न्यायालय किती ताणू देईल, याची हमी मी देत नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे हक्कातला दोष विक्रेत्याने सांगायला हवा होता, असं तुमचे वकील म्हणतात. बरोबर आहे, पण ते कलम म्हणतं की दोष असा हवा जो खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन कळला नसता. सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला ‘नॉमिनी’ असं स्वच्छ लिहिलंय. तुमच्या वकिलांनी कागद पाहिले ते व्हॉट्सअॅपवर, पुढची बाजू तेवढी. त्यामुळे या मुद्द्यावर फार भार टाकू नका. रक्कम खरा विसार (सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेली) की किमतीचा आगाऊ हप्ता, हा वादही असाच. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलंय की खरा विसार खरेदीदाराच्या चुकीने जप्त होऊ शकतो, आगाऊ हप्ता नाही. तुमच्या पावतीत दोन्ही शब्द आहेत. खेळ चूक कोणाची यावर आहे, आणि ते पुन्हा कलम चारच ठरवतं.

आता तुमची चूक. एजंटला तुम्ही पाठवलेला मेसेज नोटिशीला जोडलाय : ‘सर आमचं लोन रिजेक्ट झालं, आता पुढे जमेल असं वाटत नाही, पैसे कधी परत मिळतील?’ या एका ओळीत तुम्ही दोष स्वतःवर घेतलात आणि सौद्यातून माघारही घेतलीत. पाच लाखांचा विषय आणि उत्तर रिक्षात बसून टाइप केलेलं! आता जे लिहाल ते वकिलामार्फत आणि स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. एजंटशी फोनवर बोला हवं तर, लिहू काही नका.

नोटिशीच्या उत्तरात ‘पैसे परत द्या’ हे शेवटी येऊ द्या. आधी कलम चार, मग आम्ही उरलेली रक्कम द्यायला तयार आहोत हे स्पष्ट वाक्य, मग मागणी : बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं किंवा खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सह्या कराव्यात, त्यासाठी 60 दिवस. नाही जमलं तर 5 लाख व्याजासह. तयारी दाखवणारं वाक्य गाळलंत, तर पुढे तो मेसेज तुमच्याविरुद्ध बोलेल. आणि मुदत वाढवायची झाली तर दोघांच्या सह्यांचं पुरवणी पत्र करा. ‘चालेल हो’ वर थांबू नका.

कॅनडातल्या बहिणीच्या वतीने इथे कोणी सही करणार असेल, तर तिचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत होतं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत लोक हमखास चुकवतात. ती हिश्श्याचे पैसे घेणार असेल तर अनिवासी विक्रेत्याला टीडीएसचा 1 टक्केवाला नियम लागत नाही, कपात बरीच जास्त असते. सीएला विचारा.

बँकेकडून एक गोष्ट आजच मागा : पॅनेल वकिलाची हरकत ईमेलवर. पूर्ण रिपोर्ट बहुधा देणार नाहीत. फी तुमच्या खिशातून गेली तरी रिपोर्ट बँकेचा असतो. पण ‘बहिणींचं हक्कसोडपत्र हवं’ एवढी एक ओळ बँकेच्या मेल आयडीवरून आली, तरी कर्ज कोणामुळे अडलं याचा पुरावा होतो.

तुमच्या वकिलाचा रिपोर्ट बँक का मानत नाही? कारण पैसे तिचे. मी स्वतः काही वर्षं एका बँकेच्या पॅनेलवर होतो. संध्याकाळी पाच-सहा फाइली यायच्या, दोन दिवसांत रिपोर्ट हवा, आणि तिसऱ्या तासाला सेल्सच्या पोराचा फोन : ‘साहेब, क्लियर आहे ना?’ तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), आधीच्या करारांची साखळी, एवढं बघायचं आणि सही करायची. नुसतं चुकीचं मत दिलं म्हणून पॅनेल वकील गुन्हेगार ठरत नाही, कटात सामील होता हे दिसायला हवं, असं 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्या एका गृहकर्ज प्रकरणात सांगितलं. तरी गैरव्यवहारात नाव आलं तर बँका ते इतर बँकांना कळवू शकतात, आणि सगळ्याच पॅनेलची दारं बंद. म्हणून शंका आली की तो फाइल अडवतो. तुमच्या बाबतीत त्याचा तुम्हाला फायदाच झालाय, रागावू नका.

पण त्याने पास केली असती, तरी ते तुमच्यासाठी प्रमाणपत्र नव्हतं. बँकेचं गहाण टिकेल का, एवढंच तो बघतो. तुमची विसार पावती त्याने उघडलीही नसेल. त्याला ग्राहक आयोगात खेचायचा विचार असेल तर सोडा : तो तुमचा वकील नव्हता, आणि वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही हे 2024 मध्ये ठरलंच आहे. हल्ली लोक पहिलाच प्रश्न विचारतात, ‘तुम्ही अमुक बँकेच्या पॅनेलवर आहात का?’ म्हणजे एकाच फीमध्ये दोन्ही कामं. पॅनेलवर नसलेल्या चांगल्या वकिलांची खरेदीखतांची कामं यामुळे तुटली. आणि एकच माणूस तुमचा मसुदा आणि बँकेचा रिपोर्ट करतो, तेव्हा अडचणीच्या वेळी तो कोणाचा, हे आधी विचारून घ्यावं.

बँक बदलायची? बदला, पुन्हा प्रोसेसिंग फी भरा. एकाच शहरात एकच वकील अनेक बँकांच्या पॅनेलवर असतो, फाइल त्याच टेबलावर यायची. न आली आणि दुसऱ्याने पास केली, तर बहिणींचे दोन तृतीयांश तुमच्या गळ्यात.

दावा लावायचीच वेळ आली तर कल्याणच्या दिवाणी न्यायालयात. करारपूर्तीच्या (ठरलेली विक्री पूर्ण करून मागण्याच्या) दाव्यातच पर्यायी मागणी म्हणून विसार परत मागा; त्याच अर्जात मागितलं नाही तर न्यायालय स्वतःहून देत नाही. मुदत तीन वर्षं. निकालाची मुदत विचारू नका, माझा अकरा वर्षांपूर्वीचा विसाराचा एक दावा अजून उलटतपासणीत आहे. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदवलं नाहीत हे नशीब. नाहीतर स्टँप ड्युटीचे चार लाखांवर रुपये वेगळे अडकले असते.

पत्राच्या शेवटी लिहिलंय की मूळ पावती एजंटकडेच आहे. ती आज संध्याकाळी जाऊन घेऊन या. आणि नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते लिहिलेलं नाही. पंधरा दिवस तिथून मोजायचेत. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघा, पाकीट टाकून दिलं नसेल तर.