'ग्राहक' नको, 'ग्राही'च. आणि 'टी'मधला धूर

प्रश्न असा आलाय: टी पेशी म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, त्यांच्या पृष्ठभागावरच्या ओळख पटवणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, मराठीत 'ग्राहक' म्हणावं का? मुळीच नको. डोळ्यांपुढे गिऱ्हाईक उभं राहतं. 'ग्राही' रुळलेला आहे, तोच वापरा.

त्याहून खटकतं ते 'हा ग्राही विषाणू ओळखतो' हे वाक्य. उठसूट ऐकू येतं. अख्खा विषाणू प्रतिपिंडं (अँटिबॉडी) ओळखतात. टी पेशीच्या ग्राहीला लागतो तुकडा! फ्लूची लागण झालेली पेशी विषाणूची प्रथिनं आतल्या आत कापते, 8 ते 10 ॲमिनो आम्लांचा एखादा तुकडा स्वतःच्या एमएचसी या तुकडे मांडून दाखवणाऱ्या प्रथिनाच्या खोबणीत बसवते आणि तो पृष्ठभागावर आणते. ग्राहीच्या अल्फा आणि बीटा साखळ्या तुकडा आणि खोबण दोन्ही एकदम चाचपतात. जुळलं, तर मारक टी पेशी त्या पेशीचा खातमा करते. विषाणू तोच, पण खोबण परक्या वंशाच्या उंदराची असेल तर टी पेशी ढिम्म राहते, हे डोहर्टी आणि त्सिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये कॅनबेरात उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. 1996 चं नोबेल त्यालाच मिळालं.

आता खरी गंमत 'टी'ची. टी म्हणजे थायमस, छातीच्या हाडामागची ग्रंथी. टी पेशी इथेच घडतात आणि आपल्याच शरीरावर उठू पाहणाऱ्या बहुतेक इथेच संपवल्या जातात. मराठी विश्वकोशात हिला 'यौवनलोपी' म्हटलंय. काय नेमका शब्द आहे! वयात आल्यावर ही ग्रंथी आक्रसत जाते. 'तारुण्य घालवणारी' असा अर्थ लावणाऱ्यांनी समास नीट सोडवावा: यौवनात लोप पावणारी.

आणि थायमस? ग्रीकमध्ये 'थ्युमॉन' ही सुवासिक वनस्पती, म्हणजे थाइम. तिच्या कळ्यांसारखी दिसते म्हणून ग्रंथीला हे नाव पडलं, असं सांगतात. वनस्पतीचं नाव 'थ्युएइन'वरून, म्हणजे जाळून आहुती देणं. आणि हे क्रियापद आपल्या 'धूम'च्या धातूचं. टी पेशीच्या 'टी'त होमाचा धूर आहे! काही जण मात्र ग्रंथी हृदयापाशी म्हणून 'चित्त' या अर्थाच्या 'थूमॉस'कडे धावतात. त्यांनी उच्चार तरी बघावा. चित्ताच्या शब्दात पहिला स्वर दीर्घ आणि आघात शेवटी. ग्रंथीच्या शब्दात स्वर ऱ्हस्व आणि आघात सुरुवातीला. 'चित्त'वाला शब्द 'धूम'चा सख्खा भाऊ आहे हे कबूल, पण ग्रंथीला नाव त्याने दिलेलं नाही.