कॅस्केडमध्ये 100 ऐवजी 30च फ्रेंकेल जोड्या का उरतात?

प्रश्न थोडक्यात असा: लोखंडाचा 50 × 50 × 50 युनिट सेलचा बॉक्स, 300 केल्विन, लॅम्प्समध्ये (अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) 10 केईव्हीच्या पीकेएचे (पहिली धडक खाल्लेला अणू, जो पुढे धडकांची साखळी म्हणजे कॅस्केड सुरू करतो) तीन रन. शेवटी 28, 35 आणि 31 फ्रेंकेल जोड्या (एक रिकामी जागा आणि एक जागेबाहेर अडकलेला अणू) उरल्या. एनआरटी या दोष मोजायच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे 100 यायला हव्या होत्या. बॉक्स लहान पडला की पोटेन्शियल (अणूंमधल्या बलांचं सूत्र) चुकलं?

दोन्ही नाही. तुमचे आकडे ठीक आहेत, 100 चा नाद सोडा. हा आकडा लोकांच्या डोक्यात इतका घट्ट बसलाय की चांगले रन फेकून देतात आणि 100 येईपर्यंत इनपुट फाइल पिळत बसतात.

100 येतो कुठून? 0.8 गुणिले 10,000, भागिले (2 गुणिले 40) ईव्ही; 40 म्हणजे एक अणू जागेवरून उडवायला लागणारी ऊर्जा. 1975 चं सूत्र आहे. त्यात धडकांचा हिशेब आहे, धडका संपल्यावर काय होतं त्याचा नाही. खऱ्या कॅस्केडमध्ये मधला भाग काही पिकोसेकंद द्रवासारखा वितळतो आणि पुन्हा गोठताना बहुतेक अणू कुठल्या ना कुठल्या जागी परत बसतात. दोष अर्ध्या-एक पिकोसेकंदाला कळसाला पोचतात, तेव्हा मोजणी शेकड्यांत, कधी हजारांत जाते. 10-20 पिकोसेकंदांत ती कोसळून तुमच्या तिशीवर येते. वाटेत ती 100 वरूनही जाते. 100च हवे असतील तर रन बरोबर त्या क्षणी थांबवा! 2018 मध्ये नॉर्डलुंड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या आर्क-डीपीए या सुधारित सूत्रात ही दुरुस्ती आहे: लोखंडासाठी घातांक −0.568 आणि स्थिरांक 0.286 घातले की 10 केईव्हीला कार्यक्षमता (एनआरटीच्या आकड्यापैकी खरंच उरणारा वाटा) सुमारे 0.34 येते, म्हणजे 34 जोड्या. जुळवायचं तर याच्याशी जुळवा.

खरी भीती वेगळीकडे आहे. 10 केईव्हीचा लोखंडाचा अणू फेमटोसेकंदाला 1.86 अँगस्ट्रॉम धावतो आणि शेजारचा अणू 2.48 अँगस्ट्रॉमवर असतो. 1 फेमटोसेकंदाचा स्थिर टाइमस्टेप (सिम्युलेशनच्या एका पावलाचा वेळ) ठेवलात तर एका पावलात पीकेए शेजाऱ्याच्या छाताडावर जाऊन बसतो, पुढच्या पावलाला प्रचंड बल लागतं आणि एकूण ऊर्जा कुठल्या कुठे उडते. कधीकधी रन कोसळतही नाही, हे जास्त वाईट. फिक्स डीटी/रिसेट (टाइमस्टेप आपोआप बदलणारी लॅम्प्सची आज्ञा) लावा, दर पावलाला तपासणी, कमाल सरक 0.01 अँगस्ट्रॉम, वरची मर्यादा 1 फेमटोसेकंद. सुरुवातीचा टाइमस्टेप 0.005 फेमटोसेकंदाच्या आसपास आला पाहिजे, लॉगमध्ये बघा. इथे आणखी एक खड्डा: रन पावलांत मोजला जातो, वेळेत नाही. एक लाख पावलं म्हणजे 100 पिकोसेकंद असं धरून बसू नका, लॉगमधला वेळेचा रकाना वाचा.

थर्मोस्टॅट फक्त कडेच्या दोन-तीन थरांना, आत साधं एनव्हीई, म्हणजे ऊर्जा स्थिर, थर्मोस्टॅट नाही. आख्ख्या बॉक्सला नोजे-हूवर थर्मोस्टॅट लावणारा माणूस कॅस्केड करत नाही, विझवतो.

धातूंसाठी नेहमी वापरतात ते ईएएम पोटेन्शियल जवळच्या अंतरावर मऊ असतं, म्हणून झेडबीएल (अगदी जवळच्या अणूंमधलं प्रतिकर्षण देणारं पोटेन्शियल) जोडावं लागतं. पण लॅम्प्सच्या हायब्रिड ओव्हरलेने नुसतं वरून ठेवलं तर दोन्हींची बेरीज होते, कारण ईएएमचं जवळचं प्रतिकर्षण काही आपोआप बंद होत नाही. दोन अणू 0.5 ते 2.5 अँगस्ट्रॉमपर्यंत सरकवून ऊर्जेचा आलेख काढा. जोडावर कुबड किंवा खड्डा दिसला तर पुढे जाऊ नका. मेंडेलेव्हच्या लोखंडाच्या फाइलमध्ये जवळचा भाग आधीच कडक केलेला असेल तर वर आणखी झेडबीएल टाकायचं कारणच नाही.

दोषांची मोजणी ओव्हिटो या प्रोग्राममध्ये विग्नर-साइट्झ पद्धतीने (मूळ स्फटिकाच्या कुठल्या जागा रिकाम्या, कुठे दोन अणू) करता ना? संदर्भ म्हणून 300 केल्विनच्या लॅटिस स्थिरांकाचा परिपूर्ण स्फटिक द्या. पीकेएला ढकललं की सगळा बॉक्स सरकतो: तुमच्या 2,50,000 अणूंना पिकोसेकंदाला सुमारे 0.0074 अँगस्ट्रॉम. 20 पिकोसेकंदांत किरकोळ, 150 मध्ये 1.1 अँगस्ट्रॉम, आणि मग खोटे दोष उगवू लागतात. मोजायच्या आधी सरक वजा करा. व्हेकन्सी (रिकाम्या जागा) आणि इंटरस्टिशियल (जागेबाहेरचे अणू) सारखेच आले पाहिजेत, नाहीतर अणू हरवलेत.

बॉक्सचं विचारलंत म्हणून: 10 केईव्ही तुमच्या अणूंत वाटले तर तापमान साधारण 155 केल्विन चढतं. 60 च्या बॉक्समध्ये 90. 50 चालेल, 60 घेतलात तर बरं. कॅस्केड सीमेवरून पलीकडे गेला तर तो रन टाका. दिशा 〈135〉 सारखी आडवळणाची ठेवा, नाहीतर पीकेए अणूंच्या रांगांमधल्या खाचेतून न धडकताच निसटतो. आणि तीन रनवर सरासरी काढू नका. किमान वीस तरी करा.

एक राहिलं. इलेक्ट्रॉनिक स्टॉपिंग (धावत्या अणूची इलेक्ट्रॉनांकडे जाणारी ऊर्जा) लावलंत का? लावलं असेल तर 10 केईव्हीपैकी दोष घडवायला साधारण 7.4 केईव्हीच उरतात आणि एनआरटीसुद्धा 100 नाही, 74 म्हणतं. लावलं नसेल तर 10 केईव्ही हीच डॅमेज एनर्जी, आणि तुलना सरळ होते. शिवाय वरचं सगळं लोखंडाचं आहे. टंगस्टनला 40 ऐवजी 90 ईव्ही धरतात. पोटेन्शियल बदललं तर एकूण संख्या फारशी हलत नाही, पण गुच्छांचे आकार हलतात, तेव्हा गुच्छांवर लिहिणार असाल तर माझं वरचं ‘दोन्ही नाही’ निम्मंच खरं.

जो तुम्हाला ‘स्रिममध्ये (आयनांनी होणारं नुकसान मोजायचा दुसरा प्रोग्राम) तर 200 आले’ म्हणून ऐकवेल, त्याला मोड विचारा. फुल कॅस्केड मोडची व्हेकन्सी फाइल एनआरटीच्या साधारण दुप्पट देते. स्टोलर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्येच क्विक किंचिन-पीस मोड, लॅटिस बाइंडिंग ऊर्जा शून्य, असं लिहून ठेवलंय. तरी लोक फुल मोडच निवडतात, ‘फुल’ म्हणजे जास्त अचूक असं वाटून.